छपरावरचे ऊन

दिवाळीनंतर कलबुर्गीहून एका वाचकभगिनींचे पत्र आले. त्यांच्या यजमानांनी सेवानिवृत्तीच्या पैशांतून एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेतली असून तिचे फिरते घर करण्याचे काम सध्या चालू आहे. "छपरावर सोलरची पॅनेल बसवायची आहेत. दुकानदार म्हणतो, गाडी हलते, आदळते, काचेचा भरवसा नाही, तुम्ही ती पातळ, वाकणारी, चिकटवायची पॅनेल घ्या. आपले मत काय?" प्रश्न एवढाच. पण पत्राच्या अखेरीस त्या लिहितात, "सासूबाईंना अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर करावयाचे आहे. रेल्वेचा प्रवास त्यांना आता झेपत नाही."

या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देता आले असते. तथापि तो दुकानदार जे सांगतो आहे तेच मी २०२२ साली आमच्या घरात सांगितले होते, आणि त्या सल्ल्याची किंमत माझ्या थोरल्या बहिणीला मोजावी लागली. तेव्हा उत्तर देण्यापूर्वी ती हकीकत सांगणे मला प्राप्तच आहे.

नारायणगुड्यातील आमच्या घरी अक्का गेली वीस वर्षे आमच्याकडेच असते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, आणि मधुमेहामुळे सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. आमचे कुलदैवत तुळजापूरचे. लहानपणी वडील आम्हां भावंडांना नामपल्लीहून सोलापूरपर्यंत आगगाडीने आणि पुढे एस.टी.ने नेत असत. भाकरी-चटणीची ती गाठोडी, सोलापूरच्या स्थानकावरील ती पहाट हे सारे अक्काला अजून तपशीलवार आठवते. चैत्रातली वारी तिने क्वचितच चुकविली. परंतु गुडघे गेले, रात्री चार वेळा उठावे लागू लागले, आणि आगगाडीचा प्रवास सुटला. तेव्हा माधापूरला संगणक कंपनीत नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने मनावर घेतले. एक जुनी गाडी घेतली, ऑटोनगरात तिच्या पोटात दोन बिछाने, छोटा ओटा, संडास आणि एक लहानसा बारा व्होल्टचा फ्रीज बसवून घेतला. परिवहन कार्यालयाची मंजुरी मिळविण्यात तीन महिने गेले. (वाचकांनी हे लक्षात ठेवावे, गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करावयाचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. आधी मंजुरी, मग काम.)

फ्रीज ही त्या गाडीतली चैन नव्हती. न उघडलेली इन्सुलिनची कुपी दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. ती तापूनही चालत नाही आणि गोठूनही चालत नाही. एप्रिल महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर बंद गाडी तासाभरात भट्टी होते. म्हणजे अक्काचा प्रवास त्या फ्रीजवर अवलंबून, फ्रीज बॅटरीवर, आणि बॅटरी छपरावरच्या उन्हावर.

पॅनेल कोणती घ्यावीत हे विचारावयास पुतण्या माझ्याकडे आला. मी पदार्थविज्ञान शिकविण्यात आयुष्य घालविलेला माणूस. माझ्या शब्दाला घरात वजन. मी हिशेब मांडला. शंभर वॅटचे काचेचे पॅनेल सहा-सात किलोचे, तेवढ्याच क्षमतेचे लवचिक पॅनेल जेमतेम दोन किलोचे. गाडीला हादरे बसणार, काच तडकणार. वाकणारे टिकते आणि ताठ राहणारे मोडते ही शिकवण तर आपल्या हाडीमासी खिळलेली. मी म्हणालो, "लवचिकच घे." त्याने राणीगंजातून शंभर वॅटची चार लवचिक पॅनेल आणली, छपरावर सीलंटने घट्ट चिकटविली. खालून पाहिले तर काही बसविले आहे असे कळतही नसे. आम्हां दोघांनाही ते काम फार देखणे वाटले.

पहिले वर्ष उत्तम गेले. २०२४ च्या एप्रिलात, चैत्र पौर्णिमेला दोन दिवस असताना आम्ही निघालो. झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा असा तो नेहमीचा रस्ता. उमरग्याच्या पुढे चहासाठी थांबलो तेव्हा सूनबाईने फ्रीज उघडला आणि म्हणाली, "काका, आत गरम आहे." बॅटरी उतरलेली होती. भर दुपारी बारा वाजता, आकाशात ढगाचा तुकडा नसताना, चारशे वॅटची पॅनेल डोक्यावर असताना बॅटरी उतरलेली! इंजिनावरून ही बॅटरी भरण्याची जोडणी आम्ही केलेली नव्हती, ही आणखी एक चूक. नळदुर्गला एका रसवंतीवाल्याकडून बर्फ घेतला. कुप्या बर्फाला टेकू द्यावयाच्या नाहीत, म्हणून त्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात आणि तो डबा थर्मासमध्ये, असा प्रकार केला. पण त्या आधीच किती वेळ तापत होत्या हे कोण सांगणार? तुळजापुरात पोचताच औषधाच्या दुकानातून नव्या घेतल्या, जुन्या टाकून दिल्या. त्या रात्री अक्काची साखर चढलेलीच होती. दर्शन झाले, ओटी भरली, आणि परतताना ती शांतपणे म्हणाली, "पुढच्या वर्षी मी घरूनच ओटी पाठवीन. माझ्यापायी साऱ्यांची धावपळ नको."

त्या वाक्यानंतर हैदराबादेपर्यंत गाडीत फारसे कोणी बोलले नाही.

परतल्यावर शिडी लावून छपरावर चढलो. दोन वर्षांपूर्वीची ती काळीभोर चकचकीत पॅनेल ओळखू येईनात. वरचे प्लास्टिक पिवळट आणि धुरकट झालेले. ठिकठिकाणी पुरीसारखे फुगे. एका पॅनेलच्या कडेशी नाण्याएवढा करपलेला तपकिरी डाग. मीटर लावून पाहिले. चारांपैकी एक पूर्ण मेलेले, दोन निम्म्याहूनही कमी वीज देणारी, आणि मागच्या टोकाचे एकच काय ते बऱ्या स्थितीत. चारशे वॅटचे कसेबसे दीडशे उरले होते. धंदा करणाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला, छपराला चिकटविले म्हणून हमी लागू नाही. चिकटवावयाचे असे त्यानेच सांगितले होते. पण ते कागदावर नव्हते.

ऑटोनगरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने मात्र छपरावर हात ठेवून एकच प्रश्न विचारला. "ये तो तवे पे चिपका दिये. गरमी किधर कू जाती साब?" माझ्या पदव्या ज्या प्रश्नापाशी पोचल्या नव्हत्या तिथे तो पहिल्या क्षणी पोचला होता.

आता यामागील कारण पाहू. काचेचे पॅनेल असो वा लवचिक, बहुतेकांच्या पोटातील सौरघट एकाच जातीचा असतो: स्फटिकरूप सिलिकॉनची चकती, जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. ही चकती भाजलेल्या पापडासारखी ठिसूळ असते. लवचिक पॅनेलमध्ये लवचिक असते ते केवळ वरचे-खालचे प्लास्टिक. आतला पापड नव्हे. पापड ताटात ठेवून नेला तर अखंड पोचतो. पिशवीत घालून नेला तर पिशवी शाबूत राहते आणि आत चुरा होतो. गाडीच्या छपराचा पत्रा इंजिनाच्या थरथरीने, वाऱ्याने, खड्ड्यांनी सतत किंचित वरखाली होत असतो. त्याला चिकटलेले पॅनेल त्याच्याबरोबर लवते आणि घटांत केसाएवढ्या चिरा पडत जातात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. काचेच्या पॅनेलमध्ये सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास जाडीची कठीण केलेली काच आणि ॲल्युमिनियमची चौकट असते. हादरा ती दोन्ही सोसतात, घटाला वाकावे लागत नाही. ज्या ताठपणाला मी दोष मानला तोच घटाचे चिलखत होता.

काच फुटेल ही भीती अगदी निराधार नाही, पण वाटते तेवढी खरीही नाही. पॅनेलांच्या आंतरराष्ट्रीय कसोटीत पंचवीस मिलिमीटर व्यासाची बर्फाची गोळी सेकंदाला तेवीस मीटर वेगाने काचेवर मारतात. म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरांहून अधिक. त्याच कसोटीत उणे चाळीस ते पंच्याऐंशी अंशांच्या दरम्यान दोनशे वेळा गारठवून-तापवून पाहतात. यात उतरलेली काच उमरग्याच्या खड्ड्याने सहसा फुटत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची, आणि ती आपल्याकडे अधिक महत्त्वाची. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे घट पंचवीस अंशांवर असताना मोजलेले असतात. त्यापुढे प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी मिळते. चौकटीखालून वारा खेळत असला तरी भर उन्हात घट हवेपेक्षा पंचवीस-तीस अंशांनी अधिक तापतो. पत्र्याला चिकटविला तर त्याहूनही पुष्कळ. मी पुढल्याच आठवड्यात उष्णतामापक रोखून पाहिले: हवा चाळीस अंश, चिकटविलेले पॅनेल अठ्ठ्याहत्तर. म्हणजे त्रेपन्न अंशांच्या वाढीने पंधरा-वीस टक्के वीज गेली. हा तोटा संध्याकाळी भरून निघतो. खरे नुकसान निराळेच आहे. तेवढ्या तापात प्लास्टिक आणि आतला चिकट थर रोज थोडाथोडा शिजतो, पिवळा पडतो, सुटतो, फुगे येतात, फुग्यातून दमट हवा शिरते, जोडण्या गंजतात. हा तोटा परत येत नाही.

आमच्या त्या करपलेल्या डागाचे कारणही कळले. पॅनेलमधील घट एकामागे एक माळेसारखे जोडलेले असतात. एकावर सावली पडली किंवा एकात चीर गेली की बाकीच्यांची वीज त्याच्यातून वाट काढू पाहते आणि तो घटच तापू लागतो. याला आळा घालण्यासाठी आत डायोड असतात, पण ते एकेका घटाला नसतात. आमच्या गल्लीत कडुनिंबाखाली गाडी उभी असे. अर्ध्या पॅनेलवर ऊन, अर्ध्यावर सावली. काचेखाली असा तापलेला बिंदू बरेच दिवस तग धरतो. पातळ प्लास्टिक जळते.

हे सारे केवळ आमच्याच गाडीचे दुर्दैव असावे, असे मला प्रथम वाटले होते. पण आपल्या देशात पॅनेल किती टिकतात याची पाहणी मुंबईच्या आय.आय.टी.तील सौरविद्युत केंद्राने राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या सहकार्याने २०१३ पासून अनेक वेळा केलेली आहे. २०१४, २०१६ आणि २०१८ सालीही. ती पाहणी जमिनीवरच्या आणि घरांच्या छपरांवरच्या पॅनेलांची, गाड्यांची नव्हे. तिच्यात दिसले ते असे की उष्ण प्रदेशातील पॅनेल थंड प्रदेशातल्यांपेक्षा लवकर क्षीण होतात, आणि छपरांवरची लहान कामे मोठ्या सौरप्रकल्पांपेक्षा अधिक लवकर. छपराची उष्णता आणि घाईने केलेली बसवणूक ही त्याची कारणे. जिथे काचेच्या पॅनेलांना छप्पर इतके जाचते, तिथे पत्र्याला डकविलेल्या प्लास्टिकची काय कथा!

चालत्या वाहनावर पॅनेल लावणे हेही काही नवे नाही. १४ जुलै २०१७ रोजी दिल्लीच्या सफदरजंग स्थानकात तेव्हाचे रेल्वेमंत्री, आपल्या कोकणचे सुरेश प्रभू, यांनी एका डिझेल लोकलगाडीचे उद्घाटन केले. तिच्या डब्यांच्या छपरांवर प्रत्येकी तीनशे वॅटची सोळा पॅनेल बसविलेली होती आणि दिवे-पंखे त्यांवर चालावयाचे होते. आणि आमच्या फिरत्या घराचा तर एक थोरला भाऊच आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त अध्यापन केलेले चेतनसिंह सोळंकी २०२० च्या नोव्हेंबरात सौरविजेवरच्या बसमध्ये राहावयास गेले, तेही २०३० पर्यंत घरी न परतण्याचा संकल्प करून. झोपणे, स्वयंपाक, लेखन-वाचन सारे त्या बसमध्ये. ३.२ किलोवॅटची पॅनेल आणि सहा युनिटांची बॅटरी असा तिचा संसार. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले आहे, तेव्हा अशी घरे यापुढे रस्त्यावर वाढणार. कलबुर्गीच्या भगिनींसारखे प्रश्नही वाढतील.

अगदी प्रारंभाकडे जावयाचे तर अमेरिकेने १७ मार्च १९५८ रोजी सोडलेल्या 'व्हॅनगार्ड-१' या चिमुकल्या उपग्रहावर सौरघट होते. ते १९६४ पर्यंत त्याच्या प्रेषकाला वीज पुरवीत राहिले. जिथे ग्रॅमा-ग्रॅमाचा हिशेब होतो, तिथेही त्या घटांवर काचेचे झाकण घातलेले होते. मला हे ठाऊक होते. वर्गात मी ते अनेकदा सांगितलेही असेल. छपरावरच्या पॅनेलशी मात्र त्याचा संबंध जोडला नाही.

आमच्या घरी मग वाद झाला. पुतण्याचे म्हणणे, नव्या लवचिक पॅनेलांवर ईटीएफई नावाचे चांगल्या प्रतीचे आवरण येते, ती घेऊ. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. स्वस्त पॅनेलांवरील पीईटीपेक्षा हे आवरण ऊन पुष्कळ अधिक सोसते. पण आवरण सुधारले म्हणून आतला घट वाकू लागत नाही, आणि पत्रा गार होत नाही. हमीपत्रे समोरासमोर ठेवली तेव्हा बोलणे संपले. काचेच्या पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची हमी पंचवीस वर्षांची. लवचिकाची बहुधा एक ते पाच. वर वॅटामागे लवचिकच महाग.

चिकटलेली पॅनेल काढताना फार हाल झाले. सीलंट इतके घट्ट की पातळ तार घालून करवतासारखी ओढावी लागली. तरी दोन ठिकाणी रंग निघाला आणि पत्रा उघडा पडला. नंतर गाडीचे सामानाचे जुने कॅरिअर परत आणून त्यावर दोनशे वॅटची दोन काचेची पॅनेल बोल्टांनी कसली. छपराला एकही नवे भोक पाडावे लागले नाही. पॅनेल आणि पत्रा यांच्यामध्ये तीन इंच वाऱ्याची वाट. वजन पंचवीस किलोंच्या घरात वाढले, गाडी चार इंच उंच झाली आणि डिझेल थोडे अधिक लागते, हे मान्य. पण पुढच्या उन्हाळ्यात तसाच मापक रोखला तर चाळीस अंशांच्या हवेत पॅनेल चौसष्टावर थांबले. शिवाय जे ध्यानीमनी नव्हते ते घडले: पॅनेलांची सावली छपरावर पडू लागली, आणि अक्काच्या बिछान्यावरचे छत, ज्याला पूर्वी हात लावता येत नसे, ते कोमट राहू लागले.

तेव्हा भगिनी, आपल्या प्रश्नाचे उत्तर. छप्पर सपाट असेल आणि गाडी पंचवीस-तीस किलो सहज पेलणार असेल तर काचेचेच पॅनेल घ्यावे. ते कॅरिअरवर किंवा भक्कम पट्ट्यांवर, खाली किमान दोन-तीन इंच मोकळे ठेवून बसवावे. आपल्याकडे सूर्य डोक्यावर असतो, म्हणून ते आडवे ठेवले तरी फार तोटा नाही. उत्तरेकडच्या देशांत निघते ती तिरके करण्याची कटकट करू नये. शाम्पूच्या पुडीएवढी सावलीसुद्धा वीज खाते, म्हणून एरियल, टाकी, डिश यांपासून दूर. छप्पर फार गोलाकार असेल, किंवा वजनाला खरोखरच वाव नसेल, तर लवचिक घेण्यात गैर काही नाही. मात्र ते पत्र्याला थेट न चिकटविता मध्ये पोकळ नळ्यांचा पॉलिकार्बोनेटचा तक्ता घालावा, म्हणजे थोडी हवा खेळेल, आणि पाच वर्षांत ते बदलावे लागेल असे समजून पैसे बाजूला ठेवावेत. मुक्कामी पोचल्यावर अंगणात उघडून ठेवावयाचे व काम झाले की गुंडाळावयाचे असेल तर लवचिकासारखे सोयीचे दुसरे नाही. आणि कोणतेही घेतले तरी इंजिनावरून बॅटरी भरण्याची जोडणी अवश्य करून घ्यावी. सासूबाईंचे औषध थंड ठेवावयाचे असेल तर फ्रीजमध्ये एक साधा तापमापक ठेवावा. बॅटरी उतरली हे हाताला कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

हमीपत्रावर बसविण्याची पद्धत लिहून घ्यावी. दुकानदाराला राग येईल, येऊ द्यावा.

अक्का २०२५ च्या चैत्रात तुळजापूरला आली. ओटी घरून पाठविण्याचा विषय तिने काढला नाही, आम्हीही काढला नाही. नळदुर्गला मात्र तिने मुद्दाम गाडी थांबवावयास लावली आणि त्याच रसवंतीवर सगळ्यांना रस पाजला. स्वतः अर्थातच घेतला नाही. मी तेवढ्यात शिडी लावून वर चढलो. दोन बोल्ट थोडे ढिले झाले होते, ते आवळले. काचेवर रस्त्याची धूळ बोटभर साचली होती. रसवंतीवाल्याकडून बादलीभर पाणी मागून ती धुतली, आणि पुढे निघालो.